शेवट विचारू नका!

दिवाळीसारख्या सणाला खोटे बोलू नये, म्हणून आधी माझा एक गुन्हा कबूल करून टाकतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा-वहिनी दिवाळीला आमच्याकडे आले होते. रात्री जेवणे उरकल्यावर चिवड्याचा डबा मध्ये ठेवून सगळी मंडळी एक रहस्यपट पाहायला बसली. मी तो पूर्वी पाहिलेला होता. जाणत्या माणसाला गप्प बसवत नाही. त्यातून तो चित्रपटांवर सदर लिहिणारा असला तर मुळीच नाही. निम्मा खेळ होतो न होतो तोच माझ्या तोंडून निघून गेले, "त्या डॉक्टरकडे जरा नीट लक्ष ठेवा हं!"

झाले! वहिनींनी हातातली वाटी खाली ठेवली. "म्हणजे खून डॉक्टरनं केला. बरं झालं भावजी, सांगितलंत ते. आता मी झोपायला मोकळी!" असे म्हणून त्या उठल्या, त्या खरोखरच झोपायला गेल्या. पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलत होत्या. दादा तेवढा खुशीत होता. त्याला नाही तरी झोपच येत होती.

या अपराधाचे प्रायश्चित्त मी यंदा गणपतीत घेतले. दादा-वहिनी पुन्हा आले होते. या वेळी मी असा चित्रपट निवडला, की ज्याने आपल्या प्रेक्षकांचे तोंड आपणच बांधून ठेवले आहे. चित्रपट फ्रेंच, नाव 'ले दियाबोलिक', म्हणजे आपल्या भाषेत 'सैतानी माणसे' म्हणा हवे तर. तो 1955 सालच्या जानेवारीत फ्रान्समध्ये झळकला. दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो. त्या काळी तिकडच्या चित्रपटगृहांत प्रेक्षक वाटेल तेव्हा आत शिरत, मधूनच पाहायला लागत आणि पुढच्या खेळाला आपला राहिलेला भाग पुरा करून घरी जात. क्लूझोच्या या चित्रपटासाठी मात्र नियम घातला गेला: खेळ सुरू झाला की दारे बंद, उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही. आणि चित्रपट संपल्यावर पडद्यावर प्रेक्षकांना उद्देशून एक विनंती येते. तिचा मतलब असा, की तुम्ही पाहिलेले तुमच्या मित्रांना सांगून त्यांच्या आनंदावर विरजण घालू नका. हीच दारे बंद करण्याची युक्ती पुढे 1960 साली हिचकॉकने 'सायको'च्या वेळी मोठा गाजावाजा करून वापरली.

तेव्हा वाचकहो, मीही विनंतीला बांधलेला आहे. कथानक सांगणार आहे, पण एका ठिकाणी थांबणार आहे. पुढचे विचारू नका.

पॅरिसच्या आसपास मुलांची एक निवासी शाळा आहे. शाळा कसली, कळकट जुना वाडा म्हणा! भिंतींना ओल, आवारात चिखल आणि एका बाजूला शेवाळलेल्या, काळपट पाण्याचा पोहण्याचा हौद. चित्रपटाची श्रेयनामावलीच मुळी त्या गढूळ पाण्यावर उमटते. शाळेची मालकी क्रिस्तिना नावाच्या बाईकडे. तिच्या माहेरच्या पैशावर शाळा चालते, पण सत्ता चालते ती तिच्या नवऱ्याची, मुख्याध्यापक मिशेलची. क्रिस्तिना दक्षिण अमेरिकेतून आलेली, देवभोळी, नाजूक, हृदयाचे दुखणे असलेली. त्याच शाळेत निकोल नावाची एक शिक्षिका आहे. उंच, धिप्पाड, तोंडाळ. ती मिशेलची रखेली, आणि ही गोष्ट शाळेतल्या पोरापोरांना माहीत आहे! पहिल्याच प्रसंगात निकोल काळा चष्मा लावून वावरते, कारण मिशेलने रात्री तिच्या डोळ्यावर ठोसा लगावलेला आहे.

आता सवती-सवती एकमेकींच्या झिंज्या उपटतील अशी आपली अपेक्षा. पण येथे नवलच घडले आहे. एकाच माणसाचा जाच सोसून सोसून त्या दोघींची मैत्री झाली आहे.

मग येतो जेवणाचा प्रसंग. मिशेलने पैसे वाचवण्यासाठी शिळे मासे स्वस्तात आणले आहेत. भोजनगृहात मुले बसली आहेत, शिक्षक बसले आहेत. माशांना वास येतो आहे. क्रिस्तिनाच्या घशाखाली घास उतरत नाही. मिशेल सर्वांदेखत तिला हुकूम सोडतो, की गीळ! आवाज चढवत नाही, हात उगारत नाही. सगळ्यांच्या माना खाली. ती रडत रडत तो घास गिळते. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग, पण तेवढ्यात त्या घराची सगळी कुंडली आपल्यापुढे मांडली जाते.

घटस्फोट क्रिस्तिनाच्या धर्माला मंजूर नाही. निकोल दुसरा उपाय सुचवते. तीन दिवसांच्या सुट्टीत त्या दोघी नियोर या गावी, चारएकशे किलोमीटर दूर, निकोलच्या घरी जातात. तेथून क्रिस्तिनाने नवऱ्याला दूरध्वनी करून घटस्फोटाची धमकी द्यायची, म्हणजे तो चरफडत तेथे येईल. तो आला की गुंगीचे औषध घातलेली दारू पुढे करायची आणि मग न्हाणीघरातल्या टबात... बेत ठरतो, तसा पारही पडतो. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत बसलेले असतात. रात्री अवेळी टबाच्या पाण्याचा आवाज होतो म्हणून ते कुरकुरतात. माणूस मरतो आहे आणि तक्रार आहे ती नळाची! चाळीत किंवा ब्लॉकमध्ये राहिलेल्यांना यातली खुमारी सांगायला नको.

प्रेत वेताच्या मोठ्या पेटाऱ्यात घालून मोटारीतून परत शाळेत आणायचे आणि हौदात सोडून द्यायचे. पाय घसरून पडला, बुडाला, असे लोक समजतील. वाटेत पेट्रोलच्या पंपावर एक झिंगलेला शिपाई गाडीत घुसू पाहतो, तेव्हा आपण श्वास रोखून बसतो. गंमत पाहा, की हे करताना आपण कोणाच्या बाजूला असतो? खून करणाऱ्यांच्या! कायद्याने चालणारे, वेळेवर वीजबिल भरणारे आपण संसारी लोक, 'पेटारा उघडू नको रे बाबा' अशी मनातल्या मनात देवाला विनवणी करतो.

प्रेत हौदात जाते. एक दिवस जातो, दुसरा जातो. ते वर येत नाही. क्रिस्तिना खिडकीतून पाण्याकडे पाहत राहते. शेवटी काहीतरी निमित्त काढून हौद रिकामा करवतात. पाणी उतरत जाते, तळचा गाळ दिसू लागतो... आणि तेथे काहीच नसते!

येथून पुढे खरा चित्रपट सुरू होतो. मिशेल मरताना अंगावर जो सूट होता, तोच लाँड्रीतून धुऊन, इस्त्री होऊन घरी येतो. शाळेतला म्वाने नावाचा एक व्रात्य मुलगा सांगतो, की मुख्याध्यापकांनी मला आताच शिक्षा केली आणि माझी बेचकी काढून घेतली. शाळेचे सामुदायिक छायाचित्र काढले जाते, तर त्यात मागच्या खिडकीच्या काचेआड एक चेहरा दिसतो. कोणाचा? बस्स. येथे मी थांबतो. एवढेच सांगतो, की त्या म्वानेकडे लक्ष ठेवा. तो खोटारडा म्हणून शाळेत प्रसिद्ध आहे. (हे सांगितले तर चालेल असे सौ.चे मत पडले, म्हणून लिहिले.)

ही गोष्ट मूळची क्लूझोची नव्हे. पिएर ब्वालो आणि तोमा नार्सजाक या लेखकद्वयाची 1952 साली निघालेली कादंबरी आहे. तिच्या नावाचा अर्थ 'जी उरली नव्हती ती' असा काहीसा होतो. या दोघांची जोडी मोठी मजेची. ब्वालो पॅरिसचा, नार्सजाक नांत गावी अध्यापक. रहस्यकथांसाठी दिले जाणारे एकच पारितोषिक दोघांनीही मिळवलेले, एकाने 1938 साली, दुसऱ्याने 1948 साली. त्याच निमित्ताने ओळख झाली. पुढे कथेचा सांगाडा ब्वालोने रचायचा आणि त्यावर रक्तमांस नार्सजाकने चढवायचे, अशी त्यांनी वाटणी करून घेतली.

त्यांचे म्हणणे असे, की रहस्यकथेत एक तर गुप्त पोलीस नायक असतो, नाही तर गुन्हेगार. ज्याच्यावर बेतते, त्या बिचाऱ्याला कोणी विचारीत नाही. आपण त्याचीच कथा लिहू. जे घडते आहे त्याचा अर्थ त्याला लागत नाही, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडत जातो, आणि वाचकाने त्याच्याच डोक्यात बसून हे सारे भोगायचे.

मूळ कादंबरीत मात्र मांडणी उलटी आहे. तेथे राव्हिनेल नावाचा एक फिरता विक्रेता, त्याची डॉक्टरीण मैत्रीण आणि त्याची बायको असा त्रिकोण आहे. तो आणि त्याची मैत्रीण मिळून विम्याच्या पैशांसाठी बायकोला टबात बुडवतात आणि मग तिचेच प्रेत नाहीसे होते. गाव नांत, सगळीकडे धुके, आणि त्या धुक्यात चाचपडणारा एक दुबळा पुरुष. क्लूझोने हे सगळे फिरवले. मारेकरी म्हणून दोन बायका घेतल्या, मारला जाणारा नवरा घेतला, आणि घराच्या जागी शाळा आणली. नियोर हे गावही त्याचे स्वतःचे. त्याचा जन्म 1907 साली तेथलाच. नावसुद्धा दुसरीकडून उचलले: बार्बे दोरव्हिली या लेखकाचा 1874 साली निघालेला याच नावाचा कथासंग्रह आहे, पण त्यातल्या कथांचा या कथेशी संबंध नाही.

ही अदलाबदल वरवरची नाही. कादंबरीतला राव्हिनेल लोभापायी खून करतो. त्याची कीव येते, पण त्याच्यासाठी जीव तुटत नाही. क्रिस्तिनाचे तसे नाही. शिळ्या माशाचा तो घास आपण तिच्याबरोबर गिळलेला असतो. म्हणून पुढे तिच्या मनाची जी कुतरओढ होते, ती आपली होऊन बसते. एका बाजूला सुटकेची आस, दुसऱ्या बाजूला पापाची टोचणी.

हिचकॉकलाही ही कादंबरी हवी होती, पण क्लूझोने आधीच हक्क घेऊन टाकले, असे सांगतात. पुढे याच लेखकद्वयाच्या 1954 सालच्या दुसऱ्या कादंबरीवरून हिचकॉकने 1958 साली 'व्हर्टिगो' काढला. ती कादंबरी मुद्दाम हिचकॉकसाठीच लिहिली होती, असे त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने म्हटले. नार्सजाकने ते नाकारले. ते काही असो. एकाच दौतीतून दोन देशांतले दोन अव्वल रहस्यपट निघाले, हे काही लहानसहान नाही.

क्लूझो हा माणूस प्रेमळ म्हणून प्रसिद्ध नव्हता. तरुणपणी क्षयामुळे त्याची काही वर्षे आरोग्यधामात गेली. 1943 साली, जर्मनांच्या अमलात, त्यांच्याच पैशाने चालणाऱ्या कंपनीसाठी त्याने 'ल कॉर्बो' काढला. निनावी पत्रांनी एक अख्खे गाव कसे सडते, त्याची ती कथा. देश मुक्त झाल्यावर त्याच्यावर बंदी आली आणि 1947 सालापर्यंत त्याला पडद्यावर परतता आले नाही. माणसे एकमेकांना कशी पोखरतात हे त्याने जवळून पाहिले होते, आणि पाहिलेले तो विसरला नव्हता.

आता या चित्रपटाची जादू कशात आहे? भुताखेतांच्या चित्रपटांत वादळ असते, विजा कडाडतात, वटवाघळे फडफडतात आणि तीस-चाळीस वादकांचा ताफा आपल्या छातीत धडकी भरविण्याच्या कामाला जुंपलेला असतो. येथे त्यातले काही नाही. जॉर्ज व्हान पारीसचे संगीत आहे ते सुरुवातीच्या नि शेवटच्या नामावलीपुरते. मधला सबंध चित्रपट संगीतावाचून चालतो. नळाची धार, दाराची करकर, बुटांचा आवाज, लांबून येणारा टंकयंत्राचा टकटकाट, एवढ्यावर क्लूझो काम भागवतो. आणि भिववणाऱ्या वस्तू तरी कोणत्या? टब, पेटारा, इस्त्रीचा सूट, शाळेचे छायाचित्र. सगळ्या आपल्या घरातल्या! चित्रपट संपल्यावर आमच्या मुलीने न्हाणीघराचा दिवा रात्रभर चालू ठेवायला लावला, यात नवल नाही.

क्रिस्तिनाला भूत दिसते की नाही, हा प्रश्न मी येथे सोडवणार नाही. पण तिच्या मनाला एवढे सगळे खरे का वाटावे, याचे उत्तर आपल्या जुन्या बायाबापड्यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे: मन चिंती ते वैरी न चिंती. ज्याच्या धाकात आपण वर्षानुवर्षे जगलो, तो मेला तरी धाक मरत नाही. त्याच्या पावलांचा आवाज ऐकण्याची कानांना सवयच लागलेली असते. मग एखादा सूट पुरतो, एखादी उजळलेली खिडकी पुरते. बाकीचे काम मन स्वतःच करते.

अभिनयाविषयी दोन शब्द. निकोलच्या भूमिकेत सिमोन सिन्योरे आहे. ओठात सिगारेट, चाल पुरुषी, नजर थंड. तिने टबात पाणी सोडले तरी ती भांडी घासायला बसली आहे असे वाटावे, इतकी कामसू! मिशेल वठविला आहे पॉल म्युरिसने. त्याची सभ्य, मुलायम दुष्टाई शिव्याशापांपेक्षा अंगावर येते. आणि शार्ल व्हानेलने रंगविलेला निवृत्त पोलीस अधिकारी फिशे! क्रिस्तिना शवागारात एक बेवारस प्रेत पाहायला जाते, तेथे हा तिच्या मागे लागतो. चुरगळलेला कोट, मंद चाल, प्रश्न मात्र नेमके. नको नको म्हटले तरी फुकट मदत करायला येणारे असे काका प्रत्येकाच्या नात्यात एखादे तरी असतातच. दूरदर्शन संचावर 'कोलंबो' ही अमेरिकन मालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फिशे पाहून त्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

आणि क्रिस्तिना? ती भूमिका केली आहे व्हेरा क्लूझोने, दिग्दर्शकाच्या पत्नीने. रिओ दि जानेरोमध्ये जन्मलेली ही ब्राझिलियन बाई 1950 साली क्लूझोशी विवाहबद्ध झाली. पडद्यावर ती आली अवघ्या तीन चित्रपटांत, आणि तिन्ही नवऱ्याचेच. 'ले दियाबोलिक' हा त्यातला दुसरा. 1960 सालच्या डिसेंबरमध्ये पॅरिसमध्ये ती वारली. वय 46. कारण हृदयविकार. पडद्यावर छातीवर हात दाबून जिना चढणारी, औषधाच्या थेंबांवर जगणारी ती बाई आणि ही बाई यांच्यामध्ये पाच-सहा वर्षांचेच अंतर होते. हे कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा त्यातले काही प्रसंग मला सरळ पाहवले नाहीत.

चित्रपटाला फ्रान्समध्ये लुई देल्युक पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी 1955 सालचा सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपट म्हणून इटलीच्या 'उंबेर्तो डी'बरोबर त्याचा गौरव केला. हॉलिवूडने 1996 साली शॅरन स्टोन आणि इझाबेल अजानी यांना घेऊन तो नव्याने काढला, रंगीत. शेवटही बदलला. त्याविषयी एवढेच म्हणतो, की जुना पाहा.

आता गणपतीतल्या त्या रात्रीकडे येतो. नियम मीच केले होते. साडेनऊला दार बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि ज्याने पूर्वी पाहिला आहे त्याने, म्हणजे मी, शेवटपर्यंत अवाक्षर काढायचे नाही. मी खरोखरच बोललो नाही. सौ.ने दोनदा वळून पाहिले, मला बरे आहे ना म्हणून. शेवटच्या वीस मिनिटांत दादासुद्धा जागा होता! चित्रपट संपला, ती विनंती पडद्यावर आली, मी दिवा लावला. कोणी काही बोलेना.

मग वहिनी सावकाश म्हणाल्या, "भावजी, शेवटाला मी किंचाळले खरी. पण मला भीती वाटली ती तिथं नाही हो."

"मग कुठं?"

"त्या जेवणाच्या खोलीत. एवढी माणसं बसली होती, शिकली-सवरलेली मास्तर मंडळी. एकानं तरी म्हणायचं, नको असेल तर खाऊ नका बाई. कोणी म्हटलं नाही. सगळे आपापल्या ताटात बघत होते. तिथं कोणी बोललं असतं, तर पुढचं काही झालंच नसतं."

मी या सदरासाठी वहीत बरीच टिपणे काढून ठेवली होती. वहिनींचे ऐकले आणि वही मिटली. इतक्या वेळा पाहूनही मी त्या प्रसंगात मिशेलकडे पाहत होतो, क्रिस्तिनाकडे पाहत होतो. माना खाली घालून बसलेल्यांकडे माझे लक्षच गेले नव्हते. कदाचित असेही असेल, की आपण सगळे कधी ना कधी त्याच बाकावर बसलेले असतो, म्हणून तिकडे नजर जात नाही.

असो. फराळाच्या ताटाशी फार गंभीर बोलू नये. या दिवाळीत चार माणसे जमली, मुले जरा मोठी असली आणि घरात कोणाचे हृदय नाजूक नसले, तर हा चित्रपट जरूर पाहा. दार लावून, पहिल्यापासून पाहा. आणि पाहिल्यावर शेजारच्या काकूंना सगळे सांगा, शेवट तेवढा सोडून. आमच्या वहिनींनी तसेच केले आहे. त्यांच्या भिशीमंडळातल्या बाया आता शेवट विचारायला मला फोन करतात.

मी सांगत नाही. दोन दिवसांचा अबोला मला पुन्हा परवडायचा नाही.